शिसं नाही, असं लिहून द्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझं नाव पुकारलं की आता हे गृहस्थ कविता म्हणणार, असं पुष्कळांना वाटतं. आज कविता नाही. ज्या कामावर माझं घर चालतं, त्याविषयी आज बोलणार आहे. पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कारखान्यात मी 1998 पासून खरेदी विभागात आहे. मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात काय करतो, असं कविसंमेलनांत लोक विचारतात. मी म्हणतो, पत्रं लिहितो. आमचा कारखाना अडॅप्टर करतो. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायची आणि जिच्यावर फोन, मोडेम असं काहीबाही चालतं, ती काळी डबी. त्यातला बराच माल जर्मनीला जातो. आणि माल परदेशी जायचा तर त्याच्या आधी कागद जावे लागतात.

त्या कागदांतला सगळ्यात अवघड कागद फार छोटा असतो. त्यावर एवढंच लिहिलेलं असतं की, या वस्तूत अमुक अमुक पदार्थ नाहीत. खाली सही आणि शिक्का. एखादी गोष्ट आहे, हे दाखवता येतं. ‘नाही’ हे कसं दाखवायचं?

माझे वडील सोलापुरात कल्हईचं काम करायचे. भट्टीवर भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झर्रकन पुसून घ्यायचं. कथील महाग. शिसं स्वस्त. दोन्ही दिसायला पांढुरकं, दोन्ही लवकर वितळतात, त्यामुळे कथलात शिसं मिसळून विकणारे बाजारात असत आणि ती कल्हई लावलेल्या पातेल्यात लोक आमटी शिजवत. अब्बा दुकानातून कांडी घेताना ती कानाजवळ धरून वाकवायचे. चांगलं कथील वाकताना करकरतं. शिसं मुकाट वाकतं. कांडी कागदावर घासली आणि काळसर रेघ उमटली, तर ती परत. अब्बा शाळेत गेलेले नव्हते, पण आपण लावतो त्यात काय आहे, हे त्यांना स्वतःच्या कानानं कळत होतं. पुढे माझ्यावर जी वेळ आली, तिच्यामुळे हे आधी सांगितलं.

2005 साली आमच्या जर्मन ग्राहकाचं पत्र आलं. युरोपीय संघानं जानेवारी 2003 मध्ये एक कायदा केला होता आणि तो 1 जुलै 2006 पासून लागू होणार होता. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘रोह्स’ म्हणतात. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंत सहा पदार्थांना त्यानं मर्यादा घातली. शिसं, पारा, कॅडमियम, क्रोमियमचा एक विषारी प्रकार आणि प्लॅस्टिकनं लवकर पेट घेऊ नये म्हणून त्यात घालतात ती दोन ब्रोमीनयुक्त रसायनं. कारण सरळ होतं. जुने टीव्ही, रेडिओ, संगणक शेवटी कचऱ्यात जातात, पुरले किंवा जाळले जातात आणि त्यांतलं विष जमिनीत, पाण्यात, हवेत उतरतं. ते काढून घेण्यापेक्षा मुळात घालूच नका, असा तो विचार. त्याच्याच जोडीच्या दुसऱ्या कायद्यानं सांगितलं की, वस्तू विकणाऱ्यानं ती मोडल्यावर तिची विल्हेवाट लावण्याचा भारही उचलायचा. तुमच्या चार्जरवर फुली मारलेली चाकांची कचरापेटी छापलेली असते, ती या दुसऱ्या कायद्याची खूण. पेटीखाली एक जाड काळी पट्टी असते. तिचा अर्थ, ही वस्तू 13 ऑगस्ट 2005 नंतर बाजारात आली. आमच्या छापखानेवाल्यानं पहिल्या खेपेला ती पट्टी डिझाइनमधली चूक समजून काढून टाकली होती. दहा हजार स्टिकर रद्दीत गेले.

मालकांनी पत्र माझ्यापुढे टाकलं. म्हणाले, “कवी, तुमचं इंग्रजी बरं आहे, वाचा आणि काय करायचं ते सांगा.”

हे प्रकरण किती गंभीर आहे, ते आम्हाला सोनीच्या गोष्टीवरून कळलं. 2001 सालच्या अखेरीस, ऐन नाताळच्या तोंडावर, नेदरलँड्समध्ये सोनीच्या प्लेस्टेशन या खेळयंत्राचे सुमारे 13 लाख नग अडवले गेले. यंत्रात दोष नव्हता. त्याला जोडलेल्या वायरीत कॅडमियम मर्यादेपेक्षा जास्त निघालं. कॅडमियमचे क्षार रंगाला पिवळा-लाल झळाळ देतात आणि पीव्हीसीला टिकाऊ करतात, म्हणून ते वायरीच्या वेष्टनात वापरले जात. वायर सोनीनं स्वतः केलेली नव्हती. ती कुठल्या तरी पुरवठादाराची, त्याला प्लॅस्टिकचे दाणे देणारा आणखी दुसरा. नाव मात्र सोनीचं गेलं आणि सगळ्या वायरी बदलाव्या लागल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला आपल्या वायरीत काय आहे हे ठाऊक नव्हतं, तर आमची काय कथा?

या कायद्याची खरी मेख मर्यादा मोजण्याच्या पद्धतीत आहे. पाच पदार्थांना 0.1 टक्का, म्हणजे किलोमागे एक ग्रॅम. कॅडमियमला त्याचा दहावा हिस्सा. ऐकायला हे सोपं वाटतं. पण ही टक्केवारी सबंध वस्तूच्या वजनावर मोजायची नाही. वस्तू जिथवर सुटी करता येईल तिथवर करायची आणि प्रत्येक एकजिनसी भाग वेगळा धरायचा. वायरीचं तांबं वेगळं, त्यावरचा लाल थर वेगळा, काळा थर वेगळा, बाहेरचं वेष्टन वेगळं, पिनेचं पितळ वेगळं आणि पितळेवरचा मुलामाही वेगळा. तळहातावर मावणाऱ्या अडॅप्टरचे असे भाग मोजायला मी बसलो आणि ऐंशीच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. साधा स्क्रू घ्या. पूर्वी स्क्रूवर सोनेरी, तिरपं धरलं की इंद्रधनुष्यासारखी झाक असे. ती झाक त्या विषारी क्रोमियमची. तेव्हा स्क्रूवालाही बदलला. अपवादांची यादी निराळीच, आणि व्याकरणातल्या अपवादांसारखी पाठच करावी लागते. सिरॅमिकमध्ये आणि काचेत शिसं चालतं, सांध्याच्या डाखात चालत नाही. ट्यूबलाइटमध्ये पारा इतके मिलिग्रॅमपर्यंत चालतो. हा शेवटचा अपवादही पुढे, 2023 साली, जवळजवळ संपला.

सगळ्यात मोठा बदल डाखाचा, म्हणजे सोल्डरचा. पूर्वीची सोल्डर वायर म्हणजे 63 भाग कथील आणि 37 भाग शिसं. 183 अंशांना वितळते, सांधा आरशासारखा चकचकीत येतो. नव्या वायरीत 96.5 टक्के कथील, 3 टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं. ती वितळायला 217 अंशांच्या पुढे तापवावी लागते. कव्हियांची टोकं लवकर झिजायला लागली. सांधे चकचकीत न येता मळकट, दाणेदार दिसायला लागले. तपासणीच्या टेबलावरची मुलं वर्षानुवर्षं ‘चमकतो तो चांगला’ असं शिकलेली. पहिल्या आठवड्यात त्यांनी चांगले शेकडो सांधे नापास केले.

आमच्याकडे दोन प्रकारचा माल व्हायचा. अडॅप्टर जर्मनीसाठी आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर आपल्या इथल्या बाजारासाठी. इथल्या मालाला तेव्हा कसलंच बंधन नव्हतं. म्हणून शेडमध्ये दोन टेबलं झाली. एकाच्या कडेला हिरवी पट्टी चिकटवली, त्यावर बिनशिशाचं काम. दुसरं जुनंच, शिशाचं. कव्हिये वेगळे, टोक पुसायचे स्पंज वेगळे, वायरीची रिळं वेगळ्या कपाटात, त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. बायका मात्र त्याच. जिकडे काम असेल तिकडे बसायच्या.

त्यांतल्या एक मावशी, वयानं मोठ्या, चौदा वर्षं डाख लावत आलेल्या. हिरव्या पट्टीवर बसण्याआधी हात धुऊन या, असं मी त्यांना सांगितलं. जुन्या टेबलावरचं शिसं बोटांना लागून नव्या मालात जायला नको, एवढाच माझा हेतू. त्या हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तिकडच्या डबीला आमच्या हाताचं शिसं लागू नये म्हणून हात धुवायचे. मग जेवायच्या आधी धुवा, असं आजवर कुणी का नाही सांगितलं?”

मला उत्तर आलं नाही. मी त्या रात्री त्याविषयी वाचलं. सोल्डरिंगचा धूर डोळ्यांत जातो, त्याची सगळ्यांना भीती वाटते. पण तो धूर मुख्यतः राळेचा. त्यानं दम्यासारखा त्रास होऊ शकतो, मात्र त्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. शिसं पोटात जातं ते बोटांवरून, भाकरीबरोबर. कपड्यांवरून ते घरीही जातं. आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सगळ्यांत जास्त बाधतं. मावशींनी विचारलं होतं ते नेमकं होतं. दुसऱ्या आठवड्यात मालकांनी जेवणाच्या खोलीबाहेर दोन नळ आणि साबण बसवून दिले. जर्मन ग्राहकाची माणसं तपासणीला येणार होती, हेही त्याचं एक कारण होतं, ते लपवत नाही.

आता माझी गोष्ट. आम्हाला वायर पुरवणारा एक छोटा व्यापारी होता. त्याची जुनी ओळख, भाव रास्त, माल वेळेवर. मी त्याच्याकडे हमीपत्र मागितलं, तुमच्या वायरीत हे सहा पदार्थ नाहीत असं लिहून द्या म्हणून. तो फोनवर हसला. म्हणाला, “भाई, हे तुमचं इंग्रजी मला कुठं कळतं? तुम्हीच टाइप करा, मी शिक्का मारतो.” माल जायचा होता. मी त्याच्या लेटरहेडवर हमीपत्र टाइप केलं. त्यानं शिक्का मारला. त्या हमीपत्राच्या आधारावर मी आमचं हमीपत्र तयार केलं. मालकांनी सही केली. अशी एकावर एक पत्रं चढत गेली आणि सगळ्यांत खालच्या पत्राच्या खाली काहीच नव्हतं.

2007 च्या पावसाळ्यात जर्मनीहून निरोप आला. वायरीच्या काळ्या वेष्टनात शिसं सापडलं होतं, मर्यादेच्या कितीतरी पट. पीव्हीसी गरम करून वायरीवर चढवताना ते जळू नये म्हणून त्यात शिशाचे क्षार घालतात, ही आपल्याकडची अगदी रुळलेली पद्धत होती. (आपल्याकडे पाण्याच्या पीव्हीसी पाइपांतल्या शिशाविषयी नियम आले ते 2021 साली.) व्यापाऱ्यानं फसवलं म्हणावं, तर त्याला ते ठाऊकच नव्हतं. त्यानं शिक्का मारला होता. वाक्य माझं होतं.

सहा हजार नग परत आले. जाण्यायेण्याचं भाडं आमच्या अंगावर. डब्या उघडून, वायरी कापून, नव्या जोडून पुन्हा बंद करण्यात सहा आठवडे गेले. डबी उघडताना दर दहांतली एक-दोन फुटायची. दिवाळीचा बोनस त्या वर्षी अर्धा झाला. कंत्राटी असलेल्या दोन बायकांना पुढच्या महिन्यात बोलावलं नाही. त्यांतली एक माझ्या ओळखीनं लागलेली होती. मालक मला काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मी सोलापूरला गेलो तेव्हा अब्बांना हे सांगितलं. त्यांचं काम केव्हाच थांबलं होतं, घरोघरी स्टीलची भांडी आली होती. कॅडमियम, मर्यादा, टक्के हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. म्हणून एवढंच सांगितलं की, वायरीत शिसं होतं आणि मी नाही म्हणून लिहून दिलं. त्यांनी आमच्या दखनीत विचारलं, “बिना देखे लिख्या?” न बघता लिहिलंस? मग बराच वेळ ते बोलले नाहीत. कवितेत माझ्याकडून वाईट ओळी पुष्कळ गेल्या आहेत. त्यांची लाज वाटली तरी झोप गेली नाही.

2010 मध्ये आमच्याकडचं शिशाचं टेबल बंद झालं. तुम्हाला वाटेल, मावशींच्या प्रश्नामुळे. तसं नाही. एकदा शिशाच्या वायरीचं रीळ चुकून हिरव्या पट्टीच्या टेबलावर गेलं आणि अर्ध्या दिवसाचा माल मोडीत काढावा लागला. दोन टेबलं सांभाळण्यापेक्षा सगळंच बिनशिशाचं करणं स्वस्त, असा हिशेब मालकांनी केला. त्यामुळे झालं असं की, जर्मनीतल्या जमिनीसाठी केलेल्या कायद्यानं आमच्या शेडमधलं शिसं गेलं आणि सांगली-जळगावच्या घरांत लागणारे स्टॅबिलायझरही बिनशिशाचे झाले. आपल्या देशात ही मर्यादा 1 मे 2014 पासून लागू झाली, तीही आधी मोजक्या वस्तूंना. संगणक, फोन, टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, एसी असे ते मोजके. स्टॅबिलायझर त्या यादीत नव्हता. 2022 च्या नियमांनी, 1 एप्रिल 2023 पासून, यादी शंभराच्या वर नेली. युरोपनं आपला माल अडवण्यासाठीच हे कायदे केले, असं उद्योजकांच्या बैठकांत आजही ऐकू येतं. छोट्या कारखान्यावर चाचण्यांचा खर्च जड पडतो, हे खरंच आहे. एकेका भागाची चाचणी पैसे मागते आणि मोठ्या कंपनीला तो खर्च लाख नगांवर वाटता येतो, आम्हाला तो हजारांवर वाटावा लागतो. पण मी ते टेबल पाहिलं आहे. त्यामुळे त्या बैठकांत मला मान डोलवता येत नाही.

युरोपच्या कायद्याची दुसरी आवृत्ती 2011 साली आली आणि 2013 पासून लागू झाली. तिच्यानुसार हे कागद दहा वर्षं जपून ठेवावे लागतात. त्यासोबत कागद कसे तयार करायचे, याचं एक मानकही आलं. मला त्यातली एक गोष्ट विलक्षण वाटली. प्रत्येक भागाची चाचणी करा, असं ते म्हणत नाही. ते म्हणतं, दोन गोष्टी तोला. या पदार्थात ते विष असण्याचा संभव किती आणि पुरवठादार विश्वासाचा किती. लाल पीव्हीसी आणि नवा पुरवठादार असेल तर चाचणी कराच. तांब्याचा तुकडा आणि जुना, पारखलेला माणूस असेल तर हमीपत्र पुरे. म्हणजे माणसाची पारखही कायद्यानं मोजमापात धरली आहे. आमच्या त्या वायरवाल्याला मी विश्वासू धरलं होतं आणि तो लबाड नव्हताच. पण चांगला माणूस आणि माहीत असलेला माणूस, या दोघांत मी फरक केला नव्हता.

आता आमच्याकडे क्ष-किरणांचं एक पिस्तुलासारखं यंत्र आहे. वस्तूवर टेकवलं की अर्ध्या मिनिटात आत शिसं किती, कॅडमियम किती ते आकड्यांत दिसतं. अब्बांच्या कानासारखंच ते, फक्त कांडी वाकवावी लागत नाही. पण त्यालाही सगळं कळत नाही. क्रोमियम आहे एवढं कळतं, विषारी प्रकारचं आहे की साधं, ते नाही. 22 जुलै 2019 पासून बंदीच्या यादीत चार थॅलेट आले. पीव्हीसी मऊ, लवचीक राहावं म्हणून घालतात ती ही रसायनं. ती त्या पिस्तुलाला मुळीच दिसत नाहीत, प्रयोगशाळेतच जावं लागतं. शिवाय ती एका जागी स्थिर राहत नाहीत. थॅलेट असलेल्या रबरी चटईवर स्वच्छ वायर बरेच दिवस पडून राहिली तर तिच्यातही उतरतात. आम्ही टेबलांवरच्या सगळ्या चटया बदलल्या. नव्यानं लागलेल्या एका मुलानं विचारलं, चटई तर जर्मनीला जात नाही, मग का? मी त्याला मावशींची गोष्ट सांगितली. मावशी निवृत्त होऊन आता आळंदीला असतात.

युरोपात धोकादायक वस्तूंची यादी दर आठवड्याला प्रसिद्ध होते. ‘सेफ्टी गेट’ असं तिचं नाव. शुक्रवारी मी ती उघडतो. खेळणी, दिव्यांच्या माळा, चार्जर यांच्या पुढे कारण लिहिलेलं असतं आणि अजूनही, 2006 ला इतकी वर्षं झाल्यावरही, तिथे पुन्हा पुन्हा दिसतं ते हेच, की सोल्डरमध्ये शिसं जास्त आहे. कुठल्या तरी गावात कुणीतरी न बघता लिहून दिलेलं असणार.

याशिवाय युरोपचा रसायनांविषयीचा आणखी एक मोठा कायदा आहे. त्याखाली चिंताजनक पदार्थांची यादी साधारण वर्षातून दोनदा वाढते. ती आता अडीचशेच्या आसपास गेली आहे. यादी आली की मी आमच्या सगळ्या पुरवठादारांना पत्र पाठवतो. मजकूर इंग्रजीत असतो. खाली मी मराठीत एक ओळ हातानं लिहितो, ‘माहीत नसेल तर माहीत नाही असे लिहावे.’ बहुतेक जण तिच्याकडे लक्ष देत नाहीत आणि ‘नाही, नाही, नाही’ असे सगळे रकाने भरून पाठवतात. चाकणच्या एका वायरवाल्यानं मात्र गेल्या खेपेला तीन रकान्यांत खरोखरच ‘माहीत नाही’ असं लिहून पाठवलं, मराठीतच. त्या तीन नमुन्यांची चाचणी आम्ही आमच्या पैशांनी करून घेतली. एक नापास झाला. तो दाणा त्यानं बदलला. सध्या आमची वायर त्याच्याकडूनच येते.